हवामान बदल रोखताना रोजचं जगणंही सुखाचं होईल असा एखादा उपाय आहे का?

हो, आहे: गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. नवा असताना असा रंग जवळपास 80 टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. गडद छप्पर मात्र बहुतेक ऊन शोषून घेतं आणि स्लॅब ती धग रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत सोडत राहतो. धगच कमी झाली की वरच्या मजल्यावर झोप नीट लागते, एसी कमी चालतो आणि त्या विजेसाठी जळणारा कोळसाही वाचतो. ज्यांच्याकडे एसीच नाही त्यांना फायदा सगळ्यात जास्त, आणि मला तेच मोलाचं वाटतं. मात्र धूळ, शेवाळ साचलं की परिणाम घटतो, त्यामुळे उन्हाळ्याआधी गच्ची धुवायलाच हवी. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात हिवाळ्यात घर गरम ठेवायचा खर्च थोडा वाढू शकतो.