लिनक्सवरील माऊस आणि टचपॅड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : लॅपटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स बसवल्यापासून टचपॅडवर बोट टेकवून क्लिक होत नाही, खालचे बटण दाबावे लागते. टचपॅड बिघडला आहे का? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : टचपॅड शाबूत आहे. बोटाचा स्पर्श आधी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, आणि तिथून लिबइनपुट या लायब्ररीकडे जातो. तो स्पर्श म्हणजे कर्सर हलवणे आहे, स्क्रोल आहे की टॅप, हे लिबइनपुट ठरवते. ज्या टचपॅडला दाबण्याचे बटण आहे, त्यावर ती टॅप मुद्दाम बंद ठेवते, कारण नकळत लागलेल्या बोटाने भलतीकडे क्लिक होण्यापेक्षा एकदा सेटिंग बदलणे बरे. हा विचार मला योग्य वाटतो. पुढे २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीपासून जीनोम या डेस्कटॉपने टॅप आपणहून चालू केला, पण डेबियन १२ मध्ये जीनोमची ४३ वी आवृत्ती आहे. सेटिंग्जमधील ‘माऊस आणि टचपॅड’ विभागात ‘टॅप टू क्लिक’ चालू करावे. त्यानंतर एका बोटाचा टॅप म्हणजे डावे क्लिक, दोन बोटांचा उजवे आणि तीन बोटांचा मधले.

प्रश्न : मजकूर टंकताना कर्सर मध्येच दुसऱ्या ओळीत उडी मारतो. कीबोर्ड यूएसबीचा, बाहेरून जोडलेला आहे. (एक मुद्रितशोधक, फोंडा)

उत्तर : टंकताना टचपॅड थोडा वेळ गप्प ठेवण्याची सोय लिबइनपुटमध्ये आहे आणि ती सहसा आधीपासून चालू असते, पण ती टचपॅडची जोडी लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डशी लावते. बाहेरच्या यूएसबी कीबोर्डवरील टंकन तिच्या हिशेबात येत नाही. आपला कीबोर्ड लॅपटॉपच्या पुढ्यात असेल आणि मनगट टचपॅडला लागत असेल, तर तिथेच कारण सापडेल. बाहेरचा माऊसही जोडलेला असल्यास सेटिंग्जमधून टचपॅड सरळ बंद करावा.

कीबोर्ड दूर सरकवूनही उड्या थांबल्या नाहीत, तर टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ (libinput debug-events) ही आज्ञा चालवून पाहावी. बोट सरकवताच ‘पॉइंटर मोशन’च्या ओळी एकापाठोपाठ उमटू लागतात. टचपॅडला हात न लावता त्याच्याच नावे अशा ओळी उमटत राहिल्या, तर दोष सेटिंगचा नसून सेन्सरचा किंवा त्यावरील ओलाव्याचा आहे. हे टचपॅड बोटाच्या विद्युतधारितेवर चालतात, त्यामुळे पाण्याचा थेंब किंवा घामेजलेला तळहात त्यांना चकवू शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात टचपॅड आणि हात कोरड्या कापडाने पुसून मगच निष्कर्ष काढावा. मात्र ही आज्ञा लिबइनपुटच्या मूळ मांडणीनुसार चालते, आपल्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जनुसार नव्हे, म्हणून टॅप चालू आहे की बंद हे तिच्यावरून ताडू नये.

प्रश्न : इंटरनेटवर मिळालेल्या ‘एक्सइनपुट’च्या आज्ञा दिल्या, तरी काहीच फरक पडत नाही. (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : आपले सत्र बहुधा वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, चालत आहे. फेडोराने २०१६ मध्ये २५ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २१.०४ पासून बहुतेक संगणकांवर वेलँड हाच मूळ पर्याय ठेवला. ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा एक्स या जुन्या व्यवस्थेच्या सर्व्हरशी बोलते. वेलँडमध्ये माऊस व टचपॅड डेस्कटॉपच्या कंपोझिटरच्या (खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या भागाच्या) ताब्यात असतात, आणि ‘एक्सइनपुट’ला दिसतात ती एक्ससाठीचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या एक्सवेलँडने उभी केलेली आभासी साधने. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ विभागात ‘विंडोइंग सिस्टिम’पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे वेलँड असेल तर बदल डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच करावा. जुन्या लेखांत सांगितलेला ‘सिनॅप्टिक्स’ ड्रायव्हर केवळ एक्ससाठी होता, वेलँडमध्ये तो बसवून हाती काही लागणार नाही.

प्रश्न : घरांचे आराखडे काढताना माऊस तेवढाच सरकवला तरी कर्सर कधी कमी, कधी जास्त जातो. (एक ड्राफ्ट्समन, म्हापसा)

उत्तर : मूळ ‘अॅडॅप्टिव्ह’ पद्धतीत हाताचा वेग वाढला की कर्सरची झेपही वाढते. आराखड्याच्या कामाला ‘फ्लॅट’ पद्धत निवडावी. तिच्यात हात आणि कर्सर यांचे प्रमाण कायम राहते. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ती माऊसच्या सेटिंग्जमध्येच मिळते, जुन्या जीनोममध्ये ‘ट्वीक्स’ या अॅपमध्ये. पहिले काही तास कर्सर संथ वाटेल, तेव्हा वेगाची पट्टी थोडी पुढे सरकवावी, पद्धत पुन्हा बदलू नये.