कंत्राटी नोकरी लागलीय? मग काम मागून घे

अरे, कंत्राटी म्हणून तोंड पाडू नकोस. पद काय होतं यापेक्षा हातानं काय केलंस, हेच पुढचा विचारतो. मी चाकणला कारखान्यात लाइनवर दोन वर्षं नुसते बोल्ट आवळले. मुलाखतीत सांगायला काही नव्हतं. मग क्वालिटीवाल्याच्या मागे लागून व्हर्नियर, मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायची साधनं) धरायला शिकलो, रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची, नोंद वहीत ठेवू लागलो. पुढची नोकरी त्या वहीनंच दिली.

सध्या एवढंच कर:

- रोजचं काम दोन ओळींत लिही.
- महिन्याला एक नवं काम मागून घे (चहा आणणं त्यात धरू नकोस!).
- ठेकेदार बदलला तरी पीएफचा जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) दे. अनुभवपत्र नोकरी सोडायच्या आधी घे, त्यात कामं लिहून.

पगाराची घासाघीस नंतर सांगतो.