नोकरी सोडण्याआधी तास मोजा

तुम्ही कळवलंय की अपघातात मणक्याला इजा झाल्यापासून धाकटा भाऊ व्हीलचेअरवर आहे. दिवसा बारा तास मदतनीस, रात्री तुम्ही. मदतनिसाला देण्यात तुमचा साठ टक्के पगार जातो, म्हणून नोकरी सोडून सगळं स्वतःच करावं आणि भरपाईची रक्कम ठेवीत टाकून व्याजावर घर चालवावं, असं तुमच्या मनात आहे.

नोकरी सोडू नका.

हाती उरणारे चाळीस टक्के ही आजची बाकी झाली. पगारवाढ, निवृत्तीसाठी साठणारे पैसे, नोकरीमुळे मिळणारा विमा हे त्यात कुठेच धरलेलं नाही. शिवाय आठवड्याचे तास १६८. चाळीस तासांची एक नोकरी म्हटली, तर चोवीस तास सोबतीला चार माणसंही कमीच पडतात. ती सगळी तुम्ही एकट्या होणार, बिनपगारी आणि बिनसुट्टीच्या.

पण भावाला खरंच इतके तास माणूस लागतो का? दोन आठवडे वहीत लिहा. खरं तर त्यालाच लिहू द्या. उठणं, शौच, आंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत. माझ्याकडे येणाऱ्या घरांत बहुधा असं दिसतं की काम सकाळी आणि रात्री दाटतं. मधले तास मदतनीस मोबाइल बघतो. (त्याची चूक नाही, आपण तास विकत घेतलेत.)

भरपाईतला पहिला खर्च हे तास कमी करण्यावर करा. आंघोळीची खुर्ची, हातात धरायचा शॉवर, भिंतीला दांडे, पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी. रॅम्प करणार असाल तर एक फूट चढाला बारा फूट लांबी हवी. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलात, तर ढकलायला माणूस लागणारच आणि पैसे पाण्यात. रात्रीचे तास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कापू नका. कूस बदलायची राहिली आणि पाठीला जखम झाली, तर वाचवलेलं सगळं दवाखान्यात जातं.

व्याजाचं गणित तर मला पटलेलंच नाही. मदतनिसाचा पगार वर्षाला सात टक्क्यांनी वाढला, तरी दहा-साडेदहा वर्षांत दुप्पट होतो. तुमचं व्याज सगळं खर्चलंत तर मुद्दल आहे तिथेच राहतं. सहा महिन्यांचा पगार हाताशी ठेवा आणि व्याजातला काही भाग परत मुद्दलात घाला. आठवड्याची एक सुट्टी म्हणजे वर्षाला ५२ खाडे, वर आजारपण. त्या दिवसांच्या बदली माणसाचा खर्च आधीच धरा, नाहीतर बदली तुम्हीच.

एक खटकलं. एवढ्या मोठ्या पत्रात भावाचं मत कुठेच नाही. आपण कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडायचा हक्क अपंग व्यक्तीचा, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचं १९वं कलम म्हणतं. करार बाजूला ठेवू. रोज बहिणीने आंघोळ घातलेली त्याला चालणार आहे का, एवढं तरी विचारा.

वही भरली की पाठवा. ठेवीचे तुकडे किती मुदतीचे करायचे ते तिच्यावरून ठरवू.