एआयला मराठी शिकवण्याचं घरबसल्या काम: खरं किती, सुटतात किती

प्रश्न: मी यवतमाळला राहते, मराठीत एम.ए. केलं आहे. एआयसाठी मराठी ऑडिओ ऐकून टाइप करायचं, वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, असं घरबसल्या काम मिळतं म्हणतात. हे खरं आहे की फसवणूक? महिन्याला किती सुटतात?

उत्तर: काम खरं आहे. त्याच्या नावावर चालणारी फसवणूकही खरी आहे, आणि दोन्हींच्या जाहिराती एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात.

आधी पैशांचं बघू, कारण चुकतं ते तिथेच. दर बहुतेक वेळा ऑडिओच्या मिनिटावर किंवा तासावर सांगतात. तो तास रेकॉर्डिंगचा असतो, तुमच्या घड्याळातला नाही. स्वच्छ आवाज आणि एकच बोलणारा असेल तर नवख्या माणसाला एक मिनिट ऑडिओ नीट उतरवायला सात-आठ मिनिटं लागतात. दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असतील, मागे पंखा किंवा रस्ता असेल, शिवाय वेळेच्या खुणा आणि वक्त्याची नोंदही करायची असेल, तर दहाच्या पुढे धरा. समजा मिनिटाला 15 रुपये कबूल केले. दहा मिनिटांना एक मिनिट या वेगाने तासाला सहा मिनिटं ऑडिओ होतो, म्हणजे 90 रुपये. त्यातलं वीस टक्के काम तपासणीत नाकारलं गेलं तर उरले 72. नाकारलेलं फुकट दुरुस्त करून द्यायचं असेल तर आणखी कमी. म्हणून महिन्याचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नमुन्याची पाच मिनिटं मागून घ्या, घड्याळ लावून पूर्ण करा आणि तुमचा ताशी दर तुम्हीच काढा.

चांगलं देणारेही आहेत. बंगळूरची कार्या ही संस्था ताशी साधारण 5 डॉलर देते आणि डेटा पुन्हा विकला गेला तर काम करणाऱ्याला त्यात वाटा मिळतो, असं टाइम मासिकाने 2023 मध्ये लिहिलं होतं. त्याच मासिकाने त्याच वर्षी केनियातली दुसरी बाजूही दाखवली: चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयसाठी हिंसक आणि अश्लील मजकुराला लेबल लावणाऱ्या कामगारांच्या हातात ताशी 1.32 ते 2 डॉलर पडत होते. तेव्हा काम घेण्याआधी मजकूर कसला आहे हेही विचारा. तसल्या मजकुराने झोप उडते, आणि त्याची भरपाई बिलात धरलेली नसते.

आता कामाचं स्वरूप. हल्ली कोरी फाइल क्वचित मिळते. मशीनने उतरवलेला मजकूर समोर येतो, तो तुम्ही सुधारायचा असतो आणि या सबबीवर दर कमी केलेला असतो. इथे खड्डा असा, की मशीनचं वाक्य दिसायला शुद्ध असतं, त्यामुळे डोळा ते मान्य करून पुढे सरकतो. बोलणारा म्हणाला, ‘म्या त्याले सांगतलं व्हतं’. मशीन लिहितं, ‘मी त्याला सांगितलं होतं’. अर्थ बरोबर, काम चूक. शब्दशः उतरवा म्हटलं असेल तर वऱ्हाडी वऱ्हाडीच राहिली पाहिजे, अडखळणं आणि अर्धवट सोडलेला शब्दसुद्धा. यावर उपाय एकच: आधी डोळे मिटून क्लिप एकदा ऐकायची, मगच मजकूर वाचायचा. एम.ए. झालेल्यांची सवय शुद्ध करण्याची असते आणि नेमकी तीच इथे आड येते. उलट घरात वऱ्हाडी बोलत असाल तर ते तुमचं भांडवल आहे. प्रमाण मराठीचा डेटा भरपूर आहे, बोलींचा नाही.

काम नाकारलं जाण्याची कारणं बहुधा कंटाळवाणी असतात. सूचनांच्या पीडीएफमध्ये ‘आकडे अक्षरात लिहा’ असतं आणि आपण 25 लिहितो. ‘मोबाईल’ की ‘मोबाइल’ याचा निर्णय त्यांनी केलेला असतो, आपण आपला चालवतो. एक छुपी चूक टायपिंगची: ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि प्रत्येक ठिकाणी चूक मोजली जाते. कीबोर्ड बदलू नका आणि कोणता ऱ्य हवा ते पहिल्याच दिवशी विचारा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं चालत नाही, मोबाइलवर टाइप होतं ते युनिकोडच लागतं. कामात मधूनमधून गोल्ड क्लिपा पेरलेल्या असतात, म्हणजे ज्यांचं उत्तर त्यांच्याकडे आधीच आहे अशा. तुमची अचूकता त्यांवरून मोजली जाते. रात्री उशिरा घाईने हात चालवलात तर गुण तिथेच पडतात आणि मग काम येणंच थांबतं.

रेकॉर्डिंगला कौशल्य कमी, शिस्त जास्त. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, वाक्याआधी आणि नंतर अर्धा सेकंद शांतता. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-कपड्यांची खोली बरी. मात्र संमतीपत्र वाचल्याशिवाय आवाज देऊ नका. मशीनला बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी आवाज हवा आहे की तुमच्या आवाजात मशीनला बोलतं करायचं आहे, हे त्यात स्पष्ट पाहिजे. दुसऱ्या प्रकाराचा दर बराच जास्त मागायला हवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे, पण आवाज एकदा मॉडेलमध्ये मुरला की तो वेगळा काढता येत नाही. सरकारच्या भाषिणी या भाषा-तंत्रज्ञान उपक्रमातलं भाषादान, म्हणजे आपल्या भाषेतली वाक्यं बोलून किंवा टाइप करून देणं, हे स्वयंसेवेचं काम आहे. हात बसवायला चांगलं, कमाईसाठी नाही.

फसवणुकीचे दोन नमुने लक्षात ठेवा. पहिला सोपा: नोंदणी फी, प्रशिक्षण फी, आयडी अनलॉक करायला डिपॉझिट. खरं काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही, चाचणी घेतो. दुसरा जास्त त्रासाचा: ठरावीक दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, 90 टक्क्यांहून जास्त अचूकता पाहिजे, असा ऑनलाइन करार करून घेतात. मुदत संपली की अचूकता कमी पडल्याचं सांगतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून हजारो रुपये मागतात. घरात कुणाला कळू नये म्हणून बायका पैसे भरून टाकतात. धंदा चालतो तो याच भीतीवर. अशी नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा छापला म्हणून तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. कोर्ट फार तर वाजवी भरपाई देतं. पैसे भरू नका, चॅट जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा.

हे काम किती वर्षं टिकेल? फोटोतल्या गाड्यांभोवती चौकटी काढण्यासारखं साधं काम मशीन स्वतःच करू लागलं आहे. माणसाकडे तपासणी उरली आहे आणि तीही कमी दरात. मागणी आहे ती मशीनच्या दोन मराठी उत्तरांतलं बरं कोणतं आणि का, हे चार ओळींत नेमकं लिहिणाऱ्यांना, आणि भाषेसोबत एखादा विषय येणाऱ्यांना: नर्सिंग, शेती, कायदा, हिशेब. तुम्ही शिकवण्या किंवा मुद्रितशोधन करत असाल तर ते सोडून इकडे येऊ नका, दिवसाचे दोन-तीन तास द्या. काम प्रकल्पावर असतं. दोन महिने भरपूर आणि मग एकदम शुकशुकाट, हे नेहमीचंच.

पहिलं बिल लहान ठेवा. शंभर-दोनशे क्लिपा करून पैसे खात्यात येऊ द्या, टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते बघा, मग पुढची बॅच घ्या. परदेशी प्लॅटफॉर्म असेल तर किमान किती रक्कम साठल्यावर पैसे काढता येतात ते आधी विचारा. ती मर्यादा गाठण्याआधीच प्रकल्प संपतो आणि पैसे तिथेच अडकतात.