बास्केट माळ्यावरून खाली काढा

पावसाळा सुरू झाला की गाड्यांच्या बॉनेटमधून, जिन्याखालच्या मीटरच्या कपाटामागून, बंद दुकानांच्या शटरआडून मांजरांची भिजलेली पिल्लं घरोघर येतात. त्यानंतर पंधराएक दिवसांनी पत्रं यायला लागतात आणि त्यांत तक्रार बहुतेक एकच असते: घरात गुणाचं आहे हो, पण दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतं. या वेळी त्याच प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न : आठवड्यापूर्वी आणलेलं दोनेक महिन्यांचं पिल्लू पलंगाखालून बाहेरच येत नाही. आधी घरात रुळू द्यावं, महिन्याभराने लशीला न्यावं, असं शेजारी म्हणतात. चालेल का? (बदलापूर)

उत्तर : नाही. पहिली तपासणी आणल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवी होती, तेव्हा आता उद्याच जा. त्या दिवशी सुई टोचलीच पाहिजे असं नाही. वजन, ताप, हिरड्यांचा रंग, पिसवा, अंगातलं पाणी कमी झालंय का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. त्याच दिवशी सकाळची शी छोट्या डबीत घेऊन जा, म्हणजे जंतांचं औषध अंदाजाने द्यावं लागणार नाही. तीन आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. या तीन आजारांत पॅनल्युकोपेनिया आहे, ज्याला लोक ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात. त्यात उलट्या-जुलाबांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. तो विषाणू तुमच्या चपलांबरोबरही घरात येऊ शकतो, त्याला महिन्याभराची वाट पाहायची सवय नाही. आणि हो, पिल्लाने 24 तास काहीच खाल्लं नसेल तर ‘घाबरलंय म्हणून’ असं म्हणत बसू नका. दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर बारा तासही थांबू नका.

प्रश्न : नेण्याआधी उपाशी ठेवावं का? (मुलुंड)

उत्तर : तीन महिन्यांच्या वरचं धडधाकट पिल्लू असेल तर निघण्याआधी तीनेक तास पोटभर खायला देऊ नका. गाडीत ओकत नाही आणि दवाखान्यात हातातला खाऊ घेतं. त्याहून लहानाला उपाशी ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरते. ऑपरेशन असेल तर किती तास, ते तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

प्रश्न : बास्केट दिसली की आमची पाच महिन्यांची माऊ फ्रीजमागे जाते. मागच्या वेळी टॉवेल टाकून पकडायला अर्धा तास गेला, माझे दोन्ही हात बोचकारले, टेबलावर तिने लघवी केली. डॉक्टर बदलावेत का? (कोथरूड)

उत्तर : डॉक्टर नंतर बदला. आधी सांगा, एरवी ती बास्केट असते कुठे? माळ्यावर. खाली येते ती फक्त सुईच्या दिवशी, धूळ आणि मागच्या वेळच्या लघवीचा वास घेऊन. मग घरातली दोन माणसं हात पसरून मागे लागतात. मांजराला याचा अर्थ लावायला फार अक्कल लागत नाही. टेबलावर जे दिसलं ती भीती दवाखान्यात तयार झालेली नाही, ती तुमच्या हॉलमध्ये त्या अर्ध्या तासात झाली. यात माझाही, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरचा, स्वार्थ आहे. धावाधाव होऊन आलेल्या मांजराचे ठोके, ताप, रक्तातली साखर सगळंच चढलेलं असतं, आणि खरा ताप कोणता, भीतीचा कोणता हे सांगणं अवघड होऊन बसतं.

बास्केट कडक प्लॅस्टिकची घ्या. पुढून आणि वरून, दोन्हीकडून उघडणारी, आणि वरचा अर्धा भाग क्लिपा काढून वेगळा होणारी. मोठी झालेली मांजर आत उभी राहून वळू शकेल एवढी. भाजीची पिशवी, तारेने बांधलेली टोपली, भोकं पाडलेलं खोकं यातलं काही नको. खोकं लघवीने भिजतं आणि बरोबर रस्ता ओलांडताना बुडातून फाटतं. पाठीवरची ती पारदर्शक घुमटाची बॅग सध्या जोरात खपते, फोटोही झकास येतो. पण घाबरलेल्या जिवाला लपायची जागा हवी असते, आणि ती बॅग त्याला दुकानाच्या काचेत ठेवते. मे महिन्यात आत उकाडा होतो तो वेगळाच. जाहिरातीत मांजर शांत बसलेली दिसते. भीतीने थिजलेली मांजरही तशीच बसते.

आता करायचं काय ते. बास्केट साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. फिनाईल नाही, ते मांजरांना विषारी आहे. वरचा भाग आणि दार काढून नुसता खालचा भाग तिच्या बसायच्या कोपऱ्यात ठेवा. आत ती झोपते ते फडकं किंवा तुमचा अंगातला न धुतलेला टी-शर्ट घाला आणि तीन-चार दिवस तिकडे पाहूसुद्धा नका. खाण्याची वाटी आधी हातभर लांब, मग काठाशी, मग आत. आत निवांत खायला लागली की वरचा भाग बसवा. मग दार, पण उघडं. मग ती खात असताना दार पाच सेकंद लावून उघडा, पुढे दहा सेकंद, पुढे अर्धा मिनिट. तिने ओरडायच्या आधी उघडायचं, ओरडल्यावर नाही. नंतर बास्केट उचला आणि खाली ठेवा. मग घराच्या दारापर्यंत, मग लिफ्टने खाली आणि वर, मग गाडीत बसून इंजिन सुरू करून परत घरी. प्रत्येक पायरी निदान तीनदा शांतपणे झाली की पुढची. आवडीचा खाऊ समोर असून तोंड लावत नसेल तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. खाऊ म्हणजे मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, नखाएवढे तुकडे. कांदा-लसणाच्या रश्श्यातलं नाही, त्याने मांजरांच्या लाल पेशी फुटतात.

रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला या सगळ्याला तीन आठवडे लागतात, कधी दीड महिनाही. माणसाच्या हाताची सवय लागण्याचा सोपा काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा, आणि तुमच्या माऊचा तो बाहेरच गेला असणार. म्हणून वेळ लागतो, तिला अक्कल कमी आहे म्हणून नाही. नेहमी बिघडतं ते एकाच ठिकाणी: आठव्या दिवशी ती आपणहून आत जाते, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘गेलीच आहे आत तर लाव दार, नेऊन आणू.’ आठ दिवस पाण्यात.

याच जोडीला दिवसातून दोनदा मिनिटभर अंगाला हात लावायची सवय करा. कान उलटून बघायचा, लगेच खाऊ. पंजा हलका दाबून नखी बाहेर काढायची, खाऊ. ओठ वर करून दात, खाऊ. प्रत्येक गोष्ट तीन सेकंद, जास्त नाही. कान मागे दबले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपूट जमिनीवर आपटायला लागली की तिथेच थांबा.

उद्याच न्यायचं असेल आणि हे काही झालेलं नसेल, तर आदल्या रात्री तिला अशा खोलीत ठेवा जिथे पलंगाखाली, कपाटावर जायला वाव नाही. बास्केट भिंतीला टेकवून तोंड वर करून उभी करा, माऊला जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मागच्या पायांकडून आत सोडा. समोरून डोकं आत ढकलायला गेलात तर चारही पाय दाराला लावून उभी राहील.

आता डॉक्टर. आधी फोन करा, कुत्र्यांची गर्दी कमी असेल ती वेळ विचारा, नंबर येईपर्यंत बाहेर थांबा. आत बास्केट जमिनीवर नाही, बाकावर ठेवायची आणि वर टॉवेल टाकायचा. स्टीलच्या टेबलावर मांजर उतरली की पंजांचे ओले ठसे उमटतात. तो पंजांना आलेला घाम असतो, पाय घसरतो आणि ती आणखी घाबरते. म्हणून घरचा टॉवेल खाली अंथरा, नाहीतर वरचा भाग काढून खालच्या अर्ध्यातच तपासायला सांगा. सांगितलं तर बहुतेक डॉक्टर करतात. ‘नाही, आमच्याकडे असंच धरतात’ असं उत्तर आलं, तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, बदला.

प्रश्न : आई पिल्लाला मानगुटीलाच धरून नेते. मग डॉक्टरांनी तसं धरलं तर काय बिघडलं? (सातारा)

उत्तर : आई धरते ते शे-दोनशे ग्रॅमचं पिल्लू असतं आणि ती आई असते. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022च्या मार्गदर्शक सूचनांत मानगूट धरू नये असंच सांगितलं आहे. टॉवेल वापरा.

प्रश्न : मेडिकलवाल्याने लहान मुलांचं सर्दीचं औषध अर्धा चमचा द्यायला सांगितलं. झोप लागते, मग नेणं सोपं जातं म्हणे. (सांगली)

उत्तर : देऊ नका. दिलं असेल तर हे वाचणं थांबवा आणि बाटली घेऊन दवाखान्यात जा. अशा पुष्कळ औषधांत पॅरासिटामॉल असतं आणि ते पचवायची सोय मांजराच्या यकृतात नाही. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा आहे, पण वेळेत दिला तर.

भीती कमी करणारं औषध लागतं कधीकधी, आणि त्यात कमीपणा नाही. गॅबापेंटिन नावाचं औषध घरून निघण्याआधी दोन-तीन तास देतात. पण पाऊण किलोच्या पिल्लाचा आणि चार किलोच्या बोक्याचा डोस एक नसतो, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आणखी वेगळा. व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा वापरू नका, तपासणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : शांत करणारे पट्टे, स्प्रे, हर्बल थेंब यांतलं खरं काय? (नाशिक)

उत्तर : मांजर गाल घासून जो वास सोडते त्याची नक्कल असलेला स्प्रे काहींना थोडा उपयोगी पडतो. निघायच्या पंधरा मिनिटं आधी बास्केटमध्ये मारायचा, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं, मांजरावर मारायचा नाही. पट्टा लहान पिल्लाच्या जबड्यात किंवा पुढच्या पायात अडकतो, नको. ज्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेलं नाही ती घेऊ नका, आणि टी ट्री तेल असलेलं तर घरातच नको. दुकानदार परत घेत नसेल तर पैसे गेले असं समजा.

प्रश्न : लस देताना पिल्लाने माझं बोट चावलं, रक्त आलं. हळद लावली. महिन्यापूर्वी गटाराच्या कडेला सापडलेलं, पण आता घरचंच पिल्लू आहे, इंजेक्शनं घ्यायची गरज आहे का? (डोंबिवली)

उत्तर : घरचं कधीपासून? चार आठवड्यांपूर्वी ते गटाराच्या कडेला होतं आणि तिथे त्याला कोण चावलं हे तुम्हाला ठाऊक नाही. मांजरामुळे रेबीज होत नाही, पिल्लामुळे तर नाहीच, हे ऐकीव आहे आणि खोटं आहे. नुकतीच टोचलेली लस त्याला त्याच दिवशी संरक्षण देत नाही. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आजच सरकारी रुग्णालयात जा, तिथे लस मोफत मिळते. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 अशा दिवसांना. रक्त आलं असल्याने जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन) द्यायचं का, हे तिथले डॉक्टर ठरवतील. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवा. ते ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे की नाही हेही तेच सांगतील, तुम्ही किंवा मी नाही. शिवाय मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून बुजतो आणि आत पू होतो. बोट सुजलं, ठणकायला लागलं तर त्याचे उपचार वेगळे.

प्रश्न : दवाखान्यातून आणलेल्या पिल्लावर घरातली मोठी मांजर फिस्कारते. (कोल्हापूर)

उत्तर : त्याला दवाखान्याचा वास येतो. काही तास वेगळ्या खोलीत ठेवा, मोठीच्या अंथरुणाने पिल्लाचं अंग हलकं पुसा. दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तर विचारा.

प्रश्न : त्यापेक्षा डॉक्टरांनाच घरी बोलावलं तर? (मडगाव)

उत्तर : लस, नखं, जंतांचं औषध यासाठी उत्तम. डॉक्टर बेल वाजवायच्या आधी पिल्लू लपायला जागा नसलेल्या खोलीत हवं, नाहीतर तुमचा पलंग हलवण्यातच त्यांची वेळ जाते. आणि तपासणी त्याच्या झोपायच्या कोपऱ्यात नको, ती जागा त्याच्याकडे राहू द्या. मात्र सतत उलट्या, लघवीला बसून थेंबही न येणं, पाय ओढणं अशा वेळी घरी बोलावण्यात तास घालवू नका. पिल्लू तोंड उघडून धापा टाकत असेल आणि खाली ठेवल्यावर दोन मिनिटांत थांबत नसेल, तर घाबरलेलं असो वा नसो, निघा.

प्रश्न : स्कूटरच्या पायाशी बास्केट ठेवून नेलं तर चालेल? (अकोला)

उत्तर : नको, रिक्षा करा. बास्केट मांडीवर, दोन्ही हात तिच्या बुडाखाली. वरच्या मुठीने लोंबकळत नेऊ नका, ती मूठ तुटते.