दूध पुरतंय का? आधी लंगोट मोजा

जन्माचं वजन २ किलो ९००, नवव्या दिवशी २ किलो ८००. एवढ्या दोन आकड्यांवर घरात ठरून गेलं होतं की हिचं दूध पुरत नाही. पावडरच्या दुधाचा डबाही आणून ठेवला होता, फक्त अजून फोडला नव्हता. बाळंतीण डोळे पुसतच माझ्यासमोर बसली. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर अंगावरच असतं बाळ, तरी रडतं. पोट भरलं असतं तर रडलं असतं का?"

फाईल चाळली तर मधला आकडा सापडला. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन होतं २ किलो ६८०. म्हणजे आधी २२० ग्रॅम उतरलं आणि नंतरच्या पाच दिवसांत १२० ग्रॅम वाढलं. पहिल्या दिवसांत सात-आठ टक्के वजन बऱ्याच बाळांचं उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, काळी शी पडते, आणि आईला तेव्हा नुसता चीक येत असतो, तोही चमचा-चमचा. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ झाली की झालं. या बाळाची होत होती २४.

शू किती वेळा करतो, हे मात्र कुणालाच सांगता येईना. रात्रंदिवस डायपर, आणि तो फुगल्याशिवाय बदलायचा नाही, कळणार कसं? एक दिवस सुती लंगोट बांधा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचाच फोन आला: आठ लंगोट ओले, चारदा पिवळी शी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा फिकट शू आणि तीन-चार वेळा पिवळी पातळ शी होत असेल, तर दूध पोटात जातंय.

मग रडणं कशाचं? मी पाजताना पाहिलं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंडच होतं, खालचा ओठ आत दुमडलेला, गालांना खळ्या पडत होत्या आणि चटक-चटक आवाज येत होता. दूध येत होतं, पण बाळाला मेहनत फार. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवलं, आ मोठा होऊ दिला, मग छातीशी घट्ट घेतलं. हनुवटी रुतली आणि दोन-तीन चोखण्यांमागे एक घोट ऐकू येऊ लागला. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या.

संध्याकाळी मात्र बरीच बाळं तास-दीड तास सोडतच नाहीत. त्यावर माझ्याकडे औषध नाही. बाकीच्यांनी स्वयंपाक सांभाळावा. आळीव, डिंकाचे लाडू आवडीने खावेत, पण दूध वाढतं ते बाळाच्या चोखण्याने, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. गरज नसताना डबा फोडला की बाळ कमी चोखतं आणि दूध खरंच आटू लागतं. हा डबा दुकानात परत गेला. चौदाव्या दिवशी बाळ भरलं २ किलो ९३०.

पण वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, दोन आठवड्यांतही जन्माएवढं झालं नाही, पाचव्या दिवसानंतरही शू कमी किंवा लंगोटावर विटकरी डाग, बाळ मलूल, पाजायलाही उठत नाही, पिवळेपणा वाढतोय, असं काही दिसलं तर माझी अपॉइंटमेंट घेत बसू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.