टक्के कमी लावले, तोंडीच नाही म्हणाले, आता दाद कुठं मागायची?

या वेळी सोलापुरातून आलेली तीन पत्रं घेतलीत. तिघांचीही घरं वेगळी, अडचण जवळपास एकच, की तपासणाऱ्यानं किंवा ऑफिसातल्या माणसानं नीट बघितलंच नाही.

प्रश्न: नमस्कार ताई, मी विड्या वळते, मिस्टर पावरलूमवर होते. मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात पण उजवा हात कामाचा राहिला नाही आणि बोलणं पण गेलं, म्हणजे कळतं सगळं पण शब्द येत नाही, पाणी पाहिजे असलं तरी हात करून दाखवतात. दिव्यांग सर्टिफिकेटला सरकारी दवाखान्यात नेलं तर हात पाय हलवून बघितले आणि ३५ टक्के लिहून दिलं. आता ऑफिसात गेलं की ४० च्या खाली काही नाही, जावा म्हणतात. अंघोळ, कपडे, जेवण सगळं मीच बघते, त्यात विड्या कमी होतात, आमची मजुरी हजार विड्यांवर असते ओ. परत तपासणी मागता येते का, का भांडून उपयोग नाही?
— एक भगिनी, अशोक चौक

उत्तर: ताई, उपयोग आहे, आणि मागताच येते. तुमच्या पत्रातलीच एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, की बोलणं गेलंय आणि ते कुणी तपासलंच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकूण २१ प्रकार आहेत, त्यात हातापायाचं अपंगत्व एक आणि वाचा-भाषेचं वेगळं. मेंदूला मार बसून कायमची वाचा गेली, ज्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, ते त्या दुसऱ्या प्रकारात नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे मिस्टरांचं अर्धंच मोजलंय.

दोन प्रकार असले की टक्क्यांची साधी बेरीज करत नाहीत, त्याचं सूत्र ठरलेलं आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा, लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. समजा हातापायाचे ३५ आणि वाचेचे ३० धरले तर ३० गुणिले ५५ भागिले ९० म्हणजे साधारण १८, एकूण ५३. हे ३० मी उदाहरणाला घेतलेत, खरे किती ते डॉक्टरच ठरवणार, पण ३५ वर अडलेलं माणूस ४० च्या पुढं कसं जातं ते कळावं म्हणून सांगितलं.

सर्टिफिकेटच्या निर्णयावर अपील करायचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे, आणि केंद्राच्या नियमात मुदत ९० दिवसांची आहे, निर्णयाच्या तारखेपासून. त्यामुळं आधी सर्टिफिकेटवरची तारीख बघा. अपिलात डॉक्टर कसे बोलले, किती घाई केली यावर पान भरू नका, राग येणं साहजिक आहे पण त्यानं मूळ मुद्दा मागं पडतो. काय तपासायचं राहिलं ते लिहा. सोबत डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट आणि वाचा-तज्ज्ञांचा कागद जोडा. आणि एक साधा कागद तुमच्या हातचा, त्यांचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस, बटण कोण लावतं, घास कोण भरवतं, रात्री बाथरूमला कोण उठतं. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्याइतकं ते कुणाला माहीत आहे?

ऑफिसात "जावा" म्हणाले ना, तिथं पुढच्या वेळी तोंडी बोलूच नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, आणि नाकारत असाल तर कोणत्या नियमानं ते लेखी द्या असं अर्जातच लिहा. तोंडी नकारावर कुठंच अपील होत नाही, आपल्याकडं हजारो माणसं इथंच हरतात, याचं मला फार वाईट वाटतं. महापालिकांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून काय योजना आहेत, अटी काय, किती खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढं पाळायचं.

प्रश्न: माझी थोरली बहीण इंग्लंडला असते, भाऊजी गेल्यापासून एकटीच. गुडघे गेलेत, अंघोळीला तासभर लागतो. तिथल्या कौन्सिलकडं, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेकडं, मदत मागितली तर फोनवर थोडं बोलून तुम्ही नियमात बसत नाही म्हणाले. ती कुणालाही "मी बरी आहे" असंच सांगते. मी सोलापुरात बसून काय करू शकतो?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर: दादा, ते "बरी आहे"च नडलंय बहुतेक. आपल्या पिढीजात सवयीनं बायका परक्यापुढं दुखणं सांगत नाहीत. तिथं केअर ॲक्ट २०१४ म्हणजे देखभालीचा कायदा आहे, त्यात रोजच्या १० गोष्टी धरतात, जेवण, अंघोळ, संडास, कपडे, घरात पडायची भीती न बाळगता वावरणं वगैरे, आणि आजारपणामुळं त्यातल्या २ किंवा जास्त जमत नसतील व जगण्यावर त्याचा मोठा परिणाम होत असेल तर माणूस पात्र. महत्त्वाचं म्हणजे जमतं पण फार दुखतं किंवा फारच वेळ लागतो, हे तिथल्या नियमात "जमत नाही" मध्येच मोडतं. तासभर अंघोळ म्हणजे तेच की.

नाही म्हणताना कौन्सिलनं लेखी कारणं द्यायलाच पाहिजेत, ती बहिणीला मागू द्या. बचत किती आहे हे बघून तपासणी नाकारता येत नाही, बचतीची २३,२५० पौंडांची मर्यादा येते ती नंतर, पैसे कुणी भरायचे त्यासाठी. मग कौन्सिलकडंच तक्रार, ३ कामाच्या दिवसांत पोच यायला पाहिजे. तिची संमती असेल तर तिच्या वतीनं तुम्हीसुद्धा इथून लिहू शकता. शेवटचं उत्तर पटलं नाही तर तिथल्या स्थानिक प्रशासन व सोशल केअरच्या ओम्बुड्समनकडं, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडं जायचं, ते फुकट असतं, साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. पुढच्या तपासणीला तुम्ही व्हिडिओ कॉलवर हजर राहा, आणि अक्का बरी आहे म्हणाली की तिथंच तासभराची गोष्ट काढा.

प्रश्न: मुलगी २७ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळं हातपाय नीट हलत नाहीत), सर्टिफिकेट ८० टक्के. आम्ही दोघं साठीच्या पुढं, उचलायला आता होत नाही. बँकेत सही कुणाची म्हणून अडवतात, आणि एका ऑफिसात "घरीच सांभाळा की, योजना नाही" म्हणाले. आमच्यानंतर काय?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, आधी सहीचं. १८ पूर्ण झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, तिथं पालकत्वाचा अर्ज करा. तुमच्यानंतर कोण बघणार, भाऊ, मावशी, जे कोण तयार असेल त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना १ लाखापर्यंतची आहे, ती पण विचारा.

आता "योजना नाही" याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३८ आहे, ज्यांना जास्तीचा आधार लागतो त्यांनी किंवा त्यांच्या वतीनं कुणीही अर्ज केला की मूल्यमापन मंडळानं तपासून गरज काय ते लिहून द्यायचं. कलम २४ मध्ये अशांच्या देखभालीसाठी भत्त्याचा उल्लेख आहे. अर्ज केला की लगेच पैसे येतील असं मी म्हणणार नाही, पण अर्ज दिला, पोच घेतली आणि उत्तर आलं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केली की त्या ऑफिसला ३ महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मानली नाही तर का नाही मानली हे आयुक्तांना आणि तुम्हाला, दोघांनाही.